हातमोजेवाली सिस्टर

पुंजाराम खोटरेच्या मानेतली गाठ सगळ्यांत आधी न्हाव्याच्या हाताला लागली. दाढी करता करता त्याचा वस्तरा थांबला. "पाटील, हे काय होय?" त्यानं विचारलं. पुंजारामनं ते हसण्यावारी नेलं. तेल्हाऱ्याजवळ काळ्या मातीचं वावर, त्यात कापूस आणि तूर, घरात लग्नाची मुलगी. सुपारीएवढ्या गाठीकडे बघायला त्याला सवड नव्हती. पण पोळा होईपर्यंत काखेतही गाठी आल्या. रात्री अंगाला एवढा घाम सुटायचा की गोधडी पिळून घ्यावी. मग मात्र त्याची बायको पार्वताबाई आणि धाकटा भाऊ देवराव यांनी त्याला आधी अकोल्याला नेलं आणि तिथल्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून मुंबईला.

मुंबईच्या डॉक्टरांनी रोगाचं जे नाव सांगितलं ते पार्वताबाईला कधीच नीट म्हणता आलं नाही. हा कॅन्सरचाच एक प्रकार आहे आणि त्यावर शिरेतून द्यायचं एक इंजेक्शन निघालं आहे, एवढं तिला कळलं. अकोल्याच्या दवाखान्यातले डॉ. हरिहर जोग मुंबईत हे औषध द्यायला शिकून आले होते. तेव्हा औषधाच्या कुप्या बरोबर घ्या आणि अकोल्यालाच इंजेक्शनं घ्या, असं ठरलं. १९६४ सालची ही गोष्ट. वावरात कापसाची वेचणी सुरू झाली होती, आणि खोटरे नवराबायको अकोल्याच्या दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात येऊन राहिले.

वॉर्डाच्या प्रमुख होत्या सिस्टर सिंधू कस्तुरे. अकोल्याच्याच एका शाळामास्तरांची ही मुलगी. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला. घरच्यांनी शिवणकाम शीक म्हटलं, तर ही नागपूरला जाऊन नर्स होऊन आली. आता चाळिशी गाठत आली होती. बोलायची कमी, चालायची भरभर. वॉर्डात तिचा दरारा होता, पण तिनं कुणावर आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता.

पहिल्या इंजेक्शनाच्या दिवशी पार्वताबाईनं जे पाहिलं ते तिला मुळीच आवडलं नाही. व्हरांड्याच्या टोकाला एक लहान खोली होती. सिस्टरनं आधी तिथला पंखा बंद केला आणि दार ओढून घेतलं. अंगावर रबरी एप्रन, हातात कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे, नाकातोंडावर फडकं, डोळ्यांवर साध्या काचांचा चष्मा. अशा वेशात तिनं औषध कालवलं. तसंच येऊन तिनं पुंजारामच्या सलाइनच्या नळीत ते टोचलं. दोनेक तासांनी पुंजारामला उलट्या सुरू झाल्या, तेव्हा ती पुन्हा हातमोजे घालून आली आणि उलटीचं भांडं हातभर लांब धरून घेऊन गेली. चादरसुद्धा वेगळ्या बादलीत टाकली. शेजारच्या खाटेवर मोडलेल्या पायाचा एक म्हातारा होता, त्याचं सगळं सिस्टर मोकळ्या हातांनी करत होती.

पुंजारामनं हे पाहिलं. तो भिंतीकडे तोंड करून बायकोला म्हणाला, "पाह्यलं का? म्हारोग्यावानी वागवून राहिले मले. चाल, घरी जाऊ."

"चार इंजेक्शनं पुरे होऊ द्या," पार्वताबाई म्हणाली. पण तिलाही ते लागलं होतं. आवारातल्या टिनाच्या शेडमध्ये पेशंटची माणसं चुली मांडून स्वयंपाक करत. तिथल्या बायकाही कुजबुजायला लागल्या होत्या. "हातमोजेवाल्या सिस्टरचा पेशंट" असं त्या म्हणत आणि पार्वताबाईची भाकर झाली की मगच चुलीजवळ येत.

तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही. सिस्टर व्हरांड्यात एकटी दिसली तशी ती समोर जाऊन उभी राहिली.

"बाई, एक गोठ इचारतो. राग नका मानू."

"विचारा."

"आमच्या घरात कोनालेच काई लागन नाई झाली. मी त्यायचंच उष्टं खाऊन राहिली, लेकरंही त्यायच्याजवळच झोपतात. मंग तुमी त्यायले असं दुरून कावून शिवता? मानूस हाय ना तो."

सिस्टरनं हातातला ट्रे खाली ठेवला. "या, बसा," असं म्हणून ती बाकावर बसली. मग तिनं डाव्या हाताची बाही वर केली. मनगटाच्या वर पाण्यानं टम्म फुगलेला एक फोड होता, भोवतीची कातडी लालभडक.

"पहिल्या दिवशी हातमोजे काढताना एक थेंब इथे ओघळला. आग नाही, खाज नाही, काही नाही. मी साध्या पाण्यानं हात धुतला आणि कामाला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी हे असं. तुमचा रोग कुणाला लागत नाही, पार्वताबाई. हातमोजे तुमच्या मालकांसाठी नाहीत, औषधासाठी आहेत."

पार्वताबाईनं वाकून तो फोड जवळून पाहिला. मग तिनं विचारलं, "वरतून एवढं जाळते, तर त्यायच्या अंगात कावून घालता?"

"शिरेत गेलं की ते रक्तात मिसळतं, पातळ होतं आणि गाठींपर्यंत पोचतं. गाठी त्यानंच विरघळतात. शिरेच्या बाहेर सांडलं तर मात्र मांस जाळतं. डॉक्टर सांगत होते, मागं लढाईत माणसं मारायला जो विषारी वायू सोडायचे, त्याच्याच जातीचं हे औषध आहे. जपून वापरलं तर जीव वाचवतं."

"एंड्रिनवानी," पार्वताबाई म्हणाली.

"ते काय?"

"कापसावर मारतात ते औशिद. बोंडातली अळी मरते, झाड जगते. पन पंप धुतलेलं पानी ढोरायनं पेलं, तर ढोर गेलं."

"मग पंप कुठे धुता तुम्ही?"

"इहिरीपासून दूर. वावराच्या काठाले, धुऱ्यावर खड्डा करतात हे, अन् त्यातच वततात. वरून माती."

सिस्टरनं मान हलवली. "तसंच समजा. इथे आम्ही हायपो वापरतो. फोटो धुवायचं जे मीठ असतं ना, तेच. त्याच्या पाण्यात हे औषध मरतं. इंजेक्शन झालं की कुपी, सुई, सिरिंज, सगळं त्या बादलीत."

दवाखान्यात आधी हायपो नव्हतं. ते मुंबईहून यायला उशीर झाला असता. फोटोग्राफर वापरतात तेही हेच, असं डॉ. जोगांनी सांगताच सिस्टर स्वतः टिळक रस्त्यावरच्या एका स्टुडिओत गेली होती. मालक चिंतामणराव म्हणाले, दवाखान्यात कुणाचे फोटो काढता बाई? तिनं खरं कारण सांगितलं तेव्हा त्यांनी आपल्याकडचा अख्खा डबा तिच्या हाती दिला. हे पार्वताबाईला पुढं केव्हातरी वॉर्डातल्या आयाकडून, माणिकबाईकडून, कळलं.

त्या दिवशी बोलणं संपल्यावर सिस्टर उठली आणि पुंजारामच्या खाटेशी गेली. साध्या, उघड्या हातानं तिनं त्याची नाडी पाहिली. मग ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसलं, मानेखालून हात घालून त्याला उठवलं आणि पाण्याचा पेला ओठाला लावला. घरी जायची भाषा पुंजारामनं पुन्हा केली नाही.

पार्वताबाईलाही हातमोज्यांचा एक जोड मिळाला. उलटीच्या चादरी ती स्वतः धूत असे, ते सिस्टरनं पाहिलं होतं. "उलटीतून औषध किती बाहेर येतं हे मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, फारसं येत नसेल. पण नक्की माहीत नाही, तोवर हात झाकलेला बरा." हातमोजे जुने होते, दोन ठिकाणी ठिगळ लावलेलं. सिस्टरनं त्यात पाणी भरून, बोट न् बोट दाबून, कुठे गळत नाही ना ते पाहून मगच दिले. हिरव्या काचेच्या बांगड्यांवरून ते चढेनात. पार्वताबाई बांगड्या काढेना आणि सिस्टरनंही काढा म्हटलं नाही. तिनं बांगड्या दंडाकडे सरकवून वरून पट्टी बांधली.

चार इंजेक्शनं झाली आणि खोटरे तेल्हाऱ्याला परतले. महिन्याभरात मानेतल्या गाठी हाताला लागेनाशा झाल्या. घाम थांबला. पुंजाराम धुऱ्यावर खाट टाकून का होईना, वेचणी बघायला जाऊ लागला. संक्रांतीनंतर दुसऱ्या फेरीसाठी ते पुन्हा अकोल्याला आले, तेव्हा पार्वताबाईनं सिस्टरसाठी तुरीच्या हिरव्या शेंगा आणल्या होत्या.

दुसरी फेरी जड गेली. औषधानं शिरा कडक झाल्या होत्या. शिवाय पुंजारामच्या मनात उलटीची एवढी धास्ती बसली होती की तो चष्मा आणि ते फडकं दिसताच त्याला मळमळू लागे. पहिली तीन इंजेक्शनं कशीबशी पार पडली. चौथ्याच्या दिवशी सिस्टरनं सलाइन लावलं, ते नीट वाहतंय याची खात्री केली आणि खोलीत जाऊन औषध कालवलं. हे औषध कालवून ठेवता येत नाही, लगेच द्यावं लागतं. ती सिरिंज घेऊन खाटेजवळ आली आणि पुंजारामला उमासा आला. तो कुशीवर वळला, हात आखडला गेला. सिस्टरनं नळी पाहिली. सलाइन थांबलं होतं आणि सुईभोवतीची कातडी फुगत चालली होती.

तिनं सुई काढली. दुसऱ्या हाताला प्रयत्न केला, शीर सरकली. पुन्हा केला. या खेपेला शीर मिळाल्यासारखी वाटली, पण सुई शिरेत असल्याची खूण म्हणून नळीत जे रक्त परत यावं, ते नीट येईना. तिनं माणिकबाईला डॉक्टरांकडे धाडलं. डॉ. जोग ऑपरेशनमध्ये होते, त्यांना हात सोडवता येईना.

"बाई, देऊन टाका ना," पार्वताबाई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. "सुई तं हाय आत."

सिस्टरनं तिच्याकडे पाहिलं, मग पुंजारामच्या दंडाकडे. ती वळली, व्हरांड्याच्या टोकाला गेली आणि भरलेली सिरिंज हायपोच्या बादलीत रिकामी केली. कुपीही तीत सोडली.

पार्वताबाई तिच्या मागोमाग आली होती. तिनं ते डोळ्यांनी पाहिलं.

"वतलं?" ती म्हणाली. "मुंबईहून आनलं होतं. आखरीचं होतं ते. अन् तुमी पान्यात वतून देलं."

"खात्री नव्हती मला. शिरेबाहेर गेलं असतं तर—"

"तुमाले खात्री नव्हती, म्हनून माह्या मानसाचं औशिद बादलीत?"

सिस्टर पुंजारामच्या सुजलेल्या हातावर ऊन पाण्याची घडी ठेवायला गेली.

पार्वताबाई तिथंच उभी राहिली. बादलीच्या काठाशी कुपी तरंगत होती. आत बुडाशी अजून काहीतरी ओलं दिसत होतं. चार थेंब उरले असतील तर? डॉक्टर आल्यावर त्यांना दाखवावं, ते काहीतरी करतील, असं तिच्या मनात आलं. तिनं हात घालून कुपी काढली, पदराच्या गाठीत बांधली आणि शेडमध्ये जाऊन बसली. तिथं केसातल्या आकड्यानं तिनं वरचं रबरी बूच उकरून काढलं. आतून ओल बोटांवर आली. औषध काही उरलेलं नव्हतं. तिनं बोटं लुगड्याला पुसली आणि रडत बसली.

बादली रिती करताना सिस्टरच्या लक्षात आलं की कुपी नाही. तिनं आधी माणिकबाईला विचारलं, मग ओळखलं. ती शेडमध्ये आली तेव्हा चुलीपाशी बसलेल्या बायकांनी सरकून वाट दिली. सिस्टर पार्वताबाईसमोर जमिनीवर बसली.

"कुपी तुमच्याकडे आहे?"

पार्वताबाईनं गाठ सोडून ती पुढं केली. आता भांडण होणार असं तिला वाटलं. पण सिस्टरनं बूच निघालेलं पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला.

"हाताला लागलं? कोणत्या?"

तिनं पार्वताबाईला नळाशी नेलं. आधी हायपोच्या पाण्यात हात बुडवून धरायला लावला, मग वाहत्या पाण्याखाली. लुगडं बदलायला लावलं, ते वेगळं भिजत घातलं. एवढं सगळं करताना ती एक शब्द रागानं बोलली नाही. शेवटी म्हणाली, "चूक माझी आहे. बादलीला झाकण हवं होतं. आणि तुम्हाला त्या अवस्थेत तिथं एकटं सोडायला नको होतं."

दुसऱ्या दिवशी पार्वताबाईच्या अंगठ्यावर आणि दोन बोटांवर फोड आले. भाकर थापता येईना. लहानसेच फोड, पण ठणका असा की डोळ्याला डोळा लागला नाही. ती खाटेवर झोपलेल्या नवऱ्याच्या हाताकडे बघत बसली. कुपीतली नुसती ओल, तीही अर्धी धुतलेली. सिरिंज भरून औषध त्या दंडाच्या मांसात गेलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार तिनं केला आणि दुसऱ्या हातानं त्याच्या दंडावरचं पांघरूण सारखं केलं.

सिस्टर मलमपट्टी करायला आली तेव्हा पार्वताबाई म्हणाली, "काल लय बोलली मी तुमाले."

"तुमच्या जागी मीही बोलले असते."

"तुमी थांबल्या नाई. म्या पाह्यलं. वततानी घडीभरही थांबल्या नाई."

सिस्टर पट्टीची गाठ मारत होती. "नंतर थांबले," ती म्हणाली. "खोलीत जाऊन बसले होते बराच वेळ. एवढ्या लांबून आणलेलं औषध. चौथं इंजेक्शन वेळेवर गेलं नाही आणि गाठी परत आल्या तर तो दोष माझा, हे मला माहीत होतं. पण हात गेला असता तर तोही माझाच. दोन्हीतलं हे जरा कमी वाईट वाटलं."

डॉ. जोगांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी पुंजारामचे दोन्ही दंड नीट पाहिले आणि देवरावला बोलावून सांगितलं, "मुंबईला जा. मी पत्र देतो. आणखी एक कुपी आण. चार-सहा दिवस उशीर झाला तर आपण निभावून नेऊ. सिस्टरनं टोचलं असतं तर मी काय करू शकलो असतो, मला माहीत नाही." आणि सिस्टरकडे वळून म्हणाले, "पुढच्या खेपेपासून हे इंजेक्शन असेल त्या वेळी मी ऑपरेशन ठेवणार नाही. आपण दोघं असू." तसं ते राहिलेही.

देवराव मुंबईला गेला. इकडे सिस्टरनं पुंजारामच्या मागे नवंच काम लावलं. सरकी काढलेल्या कापसाचा एक घट्ट गोळा फडक्यात शिवून तिनं त्याच्या हातात दिला. तो दाबायचा, सोडायचा, दाबायचा. वर ऊन पाण्याचा शेक. पुंजाराम म्हणे, "जलमभर कापूस पिकवला, आता दाबून राहिलो." वॉर्डात पहिल्यांदाच लोक त्याच्या बोलण्यावर हसले. कुपी येईपर्यंत उजव्या हाताची एक शीर चांगली उठून दिसायला लागली. पुढच्या खेपेला सिस्टरनं चष्मा आणि फडकं घालण्याआधी पुंजारामला पाठमोरं वळवलं आणि पार्वताबाईला त्याच्यासमोर बसवून वावराच्या गोष्टी काढायला सांगितल्या. तुरीला शेंग कशी धरली, बैलांना सरकी कोण घालतं, हे सांगता सांगता औषध आत गेलं. पुंजारामला कळलं तेव्हा सिस्टर सुई काढत होती.

बादलीला आता कडीचं झाकण आलं होतं. दवाखान्याच्या मागं, विहिरीपासून दूर, सिस्टरनं माळ्याकडून एक खोल खड्डाही करून घेतला होता. खोलीच्या दारावर तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की दिवस गेलेल्या कोणत्याही बाईनं, मग ती नर्स असो, आया असो की भेटायला आलेली असो, इथे पाऊल टाकू नये. यावरून काही नर्सेसनी नाकं मुरडली. दिवस गेल्याचं असं सगळ्यांना कळवत फिरायचं का, असं त्या म्हणत. सिस्टर म्हणाली, कळवू नका, नुसतं मला म्हणा की आज डोकं दुखतंय, मी काही विचारणार नाही. त्यानंतर कुणाचं ना कुणाचं डोकं दुखायचं आणि त्या दिवशी ते काम सिस्टर स्वतः करायची.

पुंजारामच्या गाठी पुन्हा वर आल्या नाहीत. त्या वर्षी त्यानं स्वतः सरकी पेरली. त्याच उन्हाळ्यात थोरल्या मुलीचं, बेबीचं, लग्न बाळापूरच्या एका घरी झालं आणि तो मांडवात दिवसभर उभा होता. डॉ. जोग म्हणाले होते, हा रोग परत येतो, तेव्हा मिळालेला वेळ चांगला घालवा. खोटऱ्यांनी तो घालवला.

१९६६ च्या अखेरीस गाठी परत आल्या. तोवर सिस्टर कस्तुरे अमरावतीला गेली होती. तिथल्या एका दवाखान्यात हे औषध सुरू करायचं होतं आणि नर्सेसना शिकवायला त्यांनी तिला मागून घेतलं होतं. अकोल्याला आता तिनं तयार केलेल्या दोन नर्सेस होत्या, चांगल्या होत्या. पण पुंजाराम अडून बसला. "सुई टोचन तं तेच बाई," तो म्हणाला. त्यामुळे पार्वताबाई त्याला घेऊन अमरावतीला गेली. सिस्टर फाटकापाशी घ्यायला आली होती. केस बरेच पांढरे झाले होते. तिच्याबरोबर पाच-सहा तरण्या मुली होत्या, एकीच्याही हातावर डाग नव्हता.

या वेळी औषधानं पूर्वीसारखं काम केलं नाही. तरी एक हंगाम मिळाला. पुढच्या चैत्रात पुंजाराम घरी, आपल्या खाटेवरच वारला.

तेराव्याच्या दिवशी दुपारी एसटीतून सिस्टर तेल्हाऱ्याला उतरली. चौकात विचारत विचारत घरी आली. पार्वताबाई ओसरीवर बायकांत बसली होती. सिस्टर तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिनं तिचा हात हातात घेतला.

"तरास नाई झाला त्यायले," पार्वताबाई म्हणाली. "झोपेतच गेले. आदल्या दिवशी बेबीच्या लेकराले कडेवर घेऊन सारं वावर फिरून आले होते."

"मुलगा की मुलगी?"

"पोरगी हाय. थांबा, दाखवतो." आणि तिनं आत हाक मारली. बेबी लेकराला घेऊन बाहेर आली आणि तिनं ते सिस्टरच्या मांडीवर ठेवलं. लेकरू अनोळखी बाईकडे बघून आधी बिचकलं, मग तिच्या घड्याळाच्या पट्ट्याशी खेळायला लागलं.